मेमरीचा ताळा कर्नलच्या हाती का नाही

घरी सर्व्हर जुळवणाऱ्या आणि लिनक्सवर जीव असणाऱ्या मंडळींत एक मत पक्के रुजले आहे. प्रोसेसरला ईसीसी, म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करणारी मेमरी समजते. मॉड्यूलही ईसीसीचेच बसवले आहे. अडते ते एवढ्यावरच, की मदरबोर्डच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्ये, तसा पर्याय दिलेला नाही. मग ती कळ ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःच का दाबू नये? मेमरी कंट्रोलरच्या एका रजिस्टरात 0 चा 1 करायचा, एवढेच तर काम. तेवढेही होत नाही म्हणजे कर्नल लिहिणारे आळशी तरी असले पाहिजेत, नाहीतर चिप कंपन्यांना भिणारे तरी.

एखादे मत खोडायचे तर आधी ते त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावे, हा आपल्याकडचा पूर्वपक्षाचा जुना शिरस्ता आहे. हे मत त्या मानाला पात्रही आहे, कारण ते अडाणीपणातून आलेले नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेसरने सिस्टिमला दिलेल्या सर्वोच्च अधिकाराने चालतो. पीसीआय रजिस्टरे, प्रोसेसरची स्वतःची एमएसआर रजिस्टरे, मेमरीच्या पत्त्यांवर बसवलेली उपकरणे, बहुतेक सगळीकडे त्याला वाचता-लिहिता येते. फर्मवेअर म्हणजे तरी काय, त्याच यंत्रावर आधी चाललेला दुसरा एक प्रोग्रॅम. एका प्रोग्रॅमला जे जमते ते दुसऱ्याला का जमू नये? पुरावेही हाताशी आहेत. लिनक्समध्ये एएमडी प्रोसेसरांसाठी जो मेमरीच्या चुका नोंदवणारा ईडॅक ड्रायव्हर आहे, त्यात वर्षानुवर्षे 'ईसीसी एनेबल ओव्हरराइड' नावाचा पर्याय आहे: बायॉसने ईसीसी बंद ठेवली असली तरी ती सक्तीने चालू करायचा. एनव्हीडियाच्या सर्व्हर कार्डांवर तर ईसीसी एका साध्या आदेशाने चालू-बंद होते. आणि कोअरबूटसारख्या मुक्त फर्मवेअर प्रकल्पाने दाखवून दिले आहे की मेमरी जागी करणारा कोड हा अखेर कोडच असतो, त्यात जादू नाही.

यातले प्रत्येक विधान खरे आहे. घोटाळा आहे तो या विधानांच्या तळाशी न बोलता धरलेल्या गृहीतात: मेमरी आधीपासून आहेच, ईसीसी ही तिच्यावर मागाहून चढवायची गोष्ट आहे, आणि कर्नलला त्या मेमरीच्या बाहेर उभे राहून हे काम करता येते.

ईसीसीचे गणित रिचर्ड हॅमिंग यांचे. बेल लॅब्जमध्ये असताना 1950 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. 64 बिटांच्या शब्दात एक बिट उलटला तर तो नेमका कोणता हे सांगायला 7 जादा बिट पुरतात. दोन उलटले तर दुरुस्ती नाही तरी निदान बोंब मारता यावी म्हणून आठवा. असे 72 झाले. म्हणून साध्या मॉड्यूलवर जिथे आठ चिप दिसतात तिथे ईसीसीच्या मॉड्यूलवर नऊ असतात. (डीडीआर5 मध्ये मॉड्यूलचे 32 बिटांचे दोन स्वतंत्र भाग होतात आणि प्रत्येकाला आपापले जादा बिट लागतात, तत्त्व तेच.) पण या नवव्या चिपला स्वतःची अक्कल नाही. ती बाकीच्या आठांसारखीच मुकी. तिच्यात जे लिहाल ते ती सांभाळते. या जादा बिटांचा ताळा मांडायचा आणि पडताळायचा तो मेमरी कंट्रोलरने. पूर्वी हा कंट्रोलर मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असे. एएमडीने 2003 मध्ये ऑप्टेरॉनबरोबर आणि इंटेलने 2008 मध्ये नेहेलमबरोबर तो प्रोसेसरच्या आत घेतला.

आता समजा, यंत्र ईसीसीविना सुरू झाले. कर्नल मेमरीत येऊन बसला, दहा-वीस प्रोग्रॅम चालू झाले, आणि मग कोणीतरी तो बिट 1 केला. नवव्या चिपमध्ये या क्षणी काय आहे? वीज आल्यावर जो कचरा उमटला तो. दुकानाच्या वहीत वर्षाच्या मध्येच ताळ्याचा रकाना आखावा, त्यात वाटेल ते आकडे भरलेले असावेत, आणि मुनीमजींना हुकूम सुटावा की ताळा जुळला नाही तर दुकानाला कुलूप लावा, तसे हे होईल. मागची सगळी पाने खोटी ठरतील, त्यांतला हिशेब चोख असूनही.

किती खोटी ठरतील, हे मोजता येते. आठ जादा बिटांचे 256 नमुने होतात. जादा बिट निव्वळ यादृच्छिक असतील तर 256 शब्दांमागे सरासरी एकच शब्द बिनतक्रार सुटेल. 72 शब्दांत कंट्रोलरला 'एक बिट चुकला' असे वाटेल. त्यांतल्या 8 शब्दांत तो जादा बिट सुधारेल, म्हणजे नुकसान नाही, पण उरलेल्या 64 शब्दांत तो माहितीचाच धडधडीत बरोबर असलेला बिट उलटवून ठेवील. म्हणजे चारांतला एक शब्द दुरुस्तीच्या नावाखाली बिघडेल, आणि तेही गुपचूप. बाकीचे 183 शब्द 'दुरुस्तीपलीकडे' ठरून यंत्र थांबवतील. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी 64 बाइटांची ओळ उचलतो, त्यात असे 8 शब्द. सगळे आठही गजर न वाजवता पार पडण्याची शक्यता लाखात चाराच्या आसपास येते. कळ दाबल्यावर पहिली कोरी ओळ वाचताच यंत्र उभ्या उभ्या मरेल, याला एवढा हिशेब पुरे. प्रत्यक्षातल्या सर्व्हरांतले संकेत याहून गुंतागुंतीचे असतात, पण आकड्यांचा कल बदलत नाही.

यावर पूर्वपक्ष्याचे उत्तर तयार असते, आणि ते हुशारीचे आहे: तपासणी बंद ठेवून सगळी मेमरी एकदा वाचावी, तीच परत लिहावी, लिहिताना ताळा भरला जाईल, मग तपासणी चालू करावी. कंट्रोलर तपासणी आणि ताळा-लेखन वेगवेगळे चालवू देत असेल तर कागदावर हे जमते. फर्मवेअरही जवळपास हेच करते. फरक एवढाच की ते मेमरी रिकामी असताना करते आणि वाचायच्या भानगडीत न पडता सरसकट शून्ये लिहून मोकळे होते. कर्नलला मात्र हे भरल्या घरात करायचे आहे. बाकीचे सगळे कोअर थांबवा. नेटवर्क कार्ड, डिस्क, यूएसबी ही प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितात, त्यांना थोपवा. हे काम करणारा कोड स्वतः कॅशमध्ये कोंडून ठेवा. कष्टाचे आहे, पण अशक्य म्हणता येणार नाही. एवढेच असते तर मी ही बाजू सोडून दिली असती.

अशक्य होते ते पुढच्या पायरीला. कर्नलला सगळी मेमरी दिसतच नाही. 1990 च्या 386 एसएल प्रोसेसरपासून इंटेलच्या घराण्यात सिस्टिम मॅनेजमेंट मोड आहे: कर्नलच्याही वर बसणारा, त्याला नकळत जागा होऊन काम उरकणारा फर्मवेअरचा तुकडा. त्याची मेमरी कुलूपबंद असते. कर्नलने तिथे वाचायला हात घातला तर त्याला खरा मजकूर मिळत नाही, आणि लिहिलेले तिथे पोचत नाही. याशिवाय एएमडीच्या सुरक्षा प्रोसेसरने किंवा इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनने राखून घेतलेली जागा वेगळी. त्या जागांचा ताळा कर्नलने कसा भरावा? ज्या क्षणी पंख्याच्या वेगापायी किंवा यूएसबी कीबोर्डपायी सिस्टिम मॅनेजमेंट मोड जागा होईल आणि आपलाच कोड वाचू लागेल, त्या क्षणी त्याला चुकीचा ताळा भेटेल. आपल्या संगणकाचे आपण मालक आहोत ही भावना मलाही प्रिय आहे, पण मेमरीच्या सातबाऱ्यावर कर्नलचे नाव सगळ्या गटांना लागलेले नाही.

आणि हे सगळे नवव्या चिपपर्यंत विजेचे संकेत नीट पोचतात असे धरून चालले आहे. तेही आपोआप घडत नाही.

डीडीआर4-3200 मेमरीत एका तारेवर एका बिटाला मिळणारा वेळ 312 पिकोसेकंदांच्या आसपास असतो. तेवढ्या अवधीत मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेघेतून संकेत जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. मॉड्यूलवर घड्याळाचा संकेत एका चिपकडून दुसरीकडे असा ओळीने फिरतो, म्हणजे प्रत्येक चिपला तो वेगळ्या क्षणी मिळतो. म्हणून यंत्र चालू होताच मेमरीचे 'ट्रेनिंग' करावे लागते. कंट्रोलर ठरावीक नमुने लिहितो, परत वाचतो, प्रत्येक आठ तारांच्या गटासाठी विलंब थोडाथोडा सरकवत जातो, कुठे वाचन बरोबर येते आणि कुठे तुटते त्या कडा शोधतो आणि मधला बिंदू धरतो. व्होल्टेजची तुलना-पातळीही अशीच चाचपडून ठरते. नवव्या चिपच्या आठ तारांचा स्वतःचा गट, स्वतःचे विलंब. फर्मवेअरने ईसीसी वापरायचीच नाही असे ठरवले असेल तर त्या गटाकडे पाहण्याचे त्याला कारण नाही. मग त्या तारांवरून जे येईल ते वाचन कसले, अंदाजपंचे.

कर्नलने हे ट्रेनिंग पुन्हा करावे म्हणाल तर ट्रेनिंग चालू असताना मेमरीत काहीही ठेवता येत नाही. ती त्या वेळी मेमरीच नसते. आणि कर्नल तर तिथेच राहतो.

या मुद्द्याला एक फार बोलका इतिहास आहे. 1999 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायॉस सुरू केले. मूळ हेतू नावातच होता: बायॉस काढून टाकावे आणि त्याची सगळी कामे लिनक्सने करावीत. पण मेमरी जागी होईपर्यंत लिनक्सला पाय ठेवायला जागा नाही, हे पहिल्याच वळणावर आडवे आले. सी भाषेतला साधा प्रोग्रॅमसुद्धा मेमरीत स्टॅक मागतो. तेव्हा एरिक बीडरमन यांनी रॉमसीसी नावाचा एक अजब कंपायलर लिहिला. तो सी भाषेचा कोड अशा रीतीने उतरवी की सगळा कारभार प्रोसेसरच्या मूठभर रजिस्टरांत चालावा, मेमरीचा एक बाइटही लागू नये. पुढे प्रोसेसरची कॅशच तात्पुरती मेमरी म्हणून वापरायची युक्ती रूढ झाली. याच प्रकल्पाचे पुढे कोअरबूट झाले. कोअरबूटचा दाखला पूर्वपक्ष देतो तो येथे त्याच्यावरच उलटतो: मेमरी जागी करणारा कोड मुक्त असू शकतो, पण तो लिहिला की जे तयार होते ते फर्मवेअरच असते. लिनक्सबूट या नंतरच्या प्रकल्पाने तर हे उघडच मान्य केले. त्यात यूईएफआय या आजच्या फर्मवेअरचा बराच मोठा भाग काढून त्याच्या जागी लिनक्स बसवतात, पण मेमरीचे ट्रेनिंग करणारा सुरुवातीचा तुकडा उत्पादकाचाच ठेवतात. फर्मवेअर हटवायला ज्यांनी आयुष्याची वर्षे घातली त्यांनीही ही एक खोली त्याच्याकडेच राहू दिली.

एएमडीच्या झेन पिढीपासून तर गोष्ट आणखी पुढे गेली आहे. तिथे ट्रेनिंग मुख्य प्रोसेसर करतच नाही. त्याच चिपमधला एक छोटा एआरएम कोअर, म्हणजे वर आलेला सुरक्षा प्रोसेसर, आधी जागा होतो, मेमरी तयार करतो आणि मगच एक्स86 कोअर झोपेतून उठतात. ज्याला आपण सवयीने बायॉस म्हणतो तेही तयार मेमरीत उतरणारे पाहुणेच. पुढच्या खेपेला काय हवे याची चिठ्ठी लिहून ठेवणे एवढेच त्याच्या हाती.

आता ओव्हरराइडच्या पर्यायाकडे वळू. तो खरा आहे, आणि ज्या जुन्या बोर्डावर फर्मवेअरने बाकी सगळी तयारी करून शेवटची तपासणी तेवढी बंद ठेवली असेल तिथे त्याला अर्थ आहे. पण तो लिहिणाऱ्यांनी काय लिहून ठेवले आहे ते पाहावे. पर्याय सुचवतानाच ड्रायव्हर बजावतो की याचे परिणाम काय होतील ते सांगता येत नाही. बिट लावल्यावर तो तेच रजिस्टर परत वाचतो, आणि बिट टिकला नसेल तर हार्डवेअरने नकार दिल्याचे नोंदवून मॉड्यूलांची रचना तपासायला सांगतो. झेन आणि पुढच्या प्रोसेसरांवर तो प्रयत्नही करत नाही. नव्या यंत्रांवर सक्ती योग्य नाही, ईसीसी बायॉसमधून लावा, असे सांगून बाजूला होतो. ज्या ड्रायव्हरचा दाखला देऊन कर्नलवाल्यांना आळशी म्हटले जाते, त्याच ड्रायव्हरमध्ये त्यांनी करून पाहिल्याची आणि सोडून दिल्याची नोंद आहे.

ग्राफिक्स कार्डाचा दाखला वरवर जास्त अडचणीचा वाटतो. एनव्हीडियाच्या जीडीडीआर5 मेमरीच्या टेस्ला कार्डांवर नववी चिप नसते. ताळ्याचे बिट त्याच मेमरीचा हिस्सा कापून ठेवतात, आणि ईसीसी चालू केली की मेमरी काही टक्के कमी दिसू लागते. आदेश लिनक्समधूनच देता येतो. पण आदेश दिल्यावर कार्डाची माहिती पाहिली तर दोन ओळी दिसतात: सध्याची स्थिती आणि प्रलंबित स्थिती. कार्ड पुन्हा सुरू होईपर्यंत प्रलंबित ती प्रलंबितच राहते. आदेशाने फक्त कार्डावरच्या कायम स्मृतीत एक इच्छा नोंदवली. ती अमलात येते कार्ड मुळापासून उठते तेव्हा. इंटेलने एल्कहार्ट लेकसारख्या छोट्या प्रोसेसरांत हीच पद्धत मुख्य मेमरीसाठी आणली. तिथे ना नववी चिप, ना नवव्या तारा. म्हणजे ट्रेनिंगची माझी हरकत तिथे गळून पडते, हे मान्य. तरीही निवड फर्मवेअरमध्येच होते, कारण मेमरीचा कोणता हिस्सा कापायचा हे कर्नलला मेमरीचा नकाशा मिळण्याआधी ठरलेले असावे लागते. लिनक्सच्या ड्रायव्हरकडे उरते ते चुका मोजण्याचे काम.

कंपन्यांच्या दबावाचा आरोप मात्र मी पूर्णपणे फेटाळणार नाही. फक्त त्याचा पत्ता चुकला आहे. जानेवारी 2021 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ईसीसी सामान्य ग्राहकापासून दूर ठेवल्याबद्दल इंटेलवर जाहीरपणे आग पाखडली. बाजार विभागण्यासाठी इंटेलने वर्षानुवर्षे ही सोय झिऑन आणि मोजक्या स्वस्त प्रोसेसरांपुरती राखली होती. बाराव्या पिढीपासून कोअर आय5, आय7 आणि आय9 मध्ये ती आली, पण डब्ल्यू680सारख्या मोजक्या चिपसेटच्या बोर्डांवरच. राग रास्त होता. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गूगलच्या यंत्रांच्या अभ्यासात दर वर्षी जवळजवळ एक तृतीयांश यंत्रांत मेमरीची निदान एक दुरुस्त करता येणारी चूक आढळली होती. घरातल्या यंत्रांत अशा चुका मोजणारेच कोणी नाही. पण लक्षात घ्यावे की ही तक्रार करणारा माणूस लिनक्स कर्नलचा जनक आहे. एका बिटाने काम भागत असते तर त्याने इंटेलला शिव्या घालण्याऐवजी तो बिट लावणारा बदल स्वीकारला असता.

मदरबोर्ड बनवणाऱ्यांची भाषा या गैरसमजाला खतपाणी घालते. कित्येक बोर्डांच्या माहितीपत्रकात 'ईसीसी मेमरी चालते' असे मोठ्या अक्षरांत असते आणि त्यापुढे कंसात 'नॉन-ईसीसी पद्धतीने'. म्हणजे मॉड्यूल बसेल, यंत्र सुरू होईल, नववी चिप मात्र शोभेची. ग्राहक मॉड्यूलला जादा पैसे मोजतो, मग लिनक्समध्ये यंत्राची माहिती दाखवणारा डीएमआयडीकोड हा आदेश चालवतो. त्यात एकूण रुंदी 72 आणि माहितीची रुंदी 64 दिसते आणि त्याचे समाधान होते. ती माहितीही फर्मवेअरनेच एका तक्त्यात लिहून ठेवलेली असते. मॉड्यूलवर नववी चिप आहे इतकेच त्यातून कळते, तिचा ताळा कोणी पाहतो आहे की नाही ते कळत नाही. ईडॅकच्या मोजणीत दिसणारे शून्यही तसेच फसवे. चूक झालीच नसेल तर शून्य. कंट्रोलर पाहतच नसेल तर ड्रायव्हर बहुधा चालूच होणार नाही; पण कंट्रोलर पाहत असून फर्मवेअर चुकांच्या खबरा आधी स्वतःकडे घेत असेल, तर पुन्हा शून्यच.

खात्री करायची तर चूक मुद्दाम घडवावी लागते. सर्व्हरच्या काही प्रोसेसरांत त्यासाठी चूक पेरण्याची सोय असते. ती नसेल तर लोक मेमरीच्या वेळा इतक्या घट्ट करतात की अधूनमधून एखादा बिट घसरावा, आणि मग मोजणीचा आकडा हलतो का ते पाहतात. त्या घट्ट वेळा लावायची जागाही अर्थात बायॉसमध्येच असते.